नानांनी मागवलेला मशीनचा हिशोब

॥ श्री ॥

कोलंबस, ओहायो
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप नाना आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही तिघंही खुशाल आहोत. पिल्लूचा खोकला पूर्ण गेला, शाळेत जाते, डबा संपवून आणते. हे आधी लिहिलं म्हणजे आई पुढचं शांतपणे वाचेल. परवा फोनवर माझे काळे हात बघून ती जे बोलली ते माझ्या मनातून जात नाहीये, म्हणून तेही आत्ताच सांगते. आई, मी इथे कुणाच्या घरी राबत नाही. गवत आमचं, ते कापायचं, वर बसून चालवायचं मशीनही आमचं. आणि तुझे जावई हातावर हात ठेवून बसतात असंही मनात आणू नकोस. शनिवारी सकाळी ते पिल्लूला पोहायला नेतात, येताना आठवड्याची भाजी आणतात, दुपारचा स्वयंपाक त्यांचाच असतो. तेवढ्या वेळात मी गवत कापते. कामं आम्ही अशी वाटून घेतली आहेत, आणि मशीन माझ्याकडे आलं कारण त्यातलं मला कळतं. ओझरच्या क्वार्टरमध्ये नानांच्या पेटीतले पाने नंबरानं लावून ठेवायचं काम माझं होतं, भैयाचं नव्हतं, हे तूच सगळ्यांना सांगायचीस.

नाना, तुम्ही म्हणालात की फोनवरचं कानात राहत नाही, मशीनचं किती तासांनी काय करतेस ते कागदावर लिहून पाठव. म्हणून हे पत्र. जरा लांबेल. आईनं मधलं सोडून शेवटी आलं तरी चालेल, भैयाच्या लग्नाचं सगळं तिथे आहे.

खंडेनवमीला मशीन पुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूची फुलं ठेवून पूजा केली. झेंडू इथे याच दिवसांत भरपूर मिळतो. गॅरेजमध्ये पाट ठेवायला जागा नव्हती, म्हणून नारळ बाहेर फोडला. पिल्लूनं आरती म्हटली.

२६ सप्टेंबरचा मिग-२१ विमानांना निरोप द्यायचा चंदीगडचा कार्यक्रम मीही इथे पाहिला. तुम्ही दिवसभर टीव्हीसमोरून हलला नाहीत आणि जेवताना कुणाशी बोलला नाहीत, हे भैयानं सांगितलं. १९६३ साली हवाई दलात आलेलं मिग-२१, बासष्ट वर्षं चाललं. लोक अपघातांचंच बोलतात. पण तासांचा हिशोब ठेवून ते विमान वेळच्या वेळी उघडणारे, तपासणारे, पुन्हा बांधणारे हात होते म्हणून ते एवढी वर्षं उडालं, हे ओझरच्या विमान कारखान्याच्या टाउनशिपमधल्या प्रत्येक घराला माहीत आहे. तुमच्याशी फोनवर काय बोलावं ते त्या दिवशी मला सुचलं नाही. पुढे जे लिहिते आहे ते सगळं तुमच्याकडूनच आलेलं आहे, एवढं समजून घ्या.

आता आधी गवताचं, कारण आईचा प्रश्न अगदी बरोबर आहे: गाय नाही, म्हैस नाही, शेळी नाही, मग गवत वाढवायचं कशाला? मलाही पहिल्या वर्षी हे कळत नव्हतं. इथे गवत कुणाच्या तोंडी जात नाही. त्याला खत घालतात, उन्हाळ्यात पाणी देतात, मोकळी जागा दिसली तर पुन्हा बी टाकतात, आणि वाढलं की कापतात. एप्रिलपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हेच चालतं. आमची जागा एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे. घर आणि गाडीचा रस्ता सोडला तर तीसेक गुंठे नुसतं गवत. मामांचा पिंपळगावचा द्राक्षाचा जुना तुकडा डोळ्यांसमोर आणा, तेवढं. घरांच्या पुढच्या बाजूला कंपाउंड नसतं. आमचं गवत कुठे संपलं आणि शेजाऱ्यांचं कुठे सुरू झालं ते दिसत नाही, म्हणून एकानं कापलं नाही तर सगळी ओळ वाईट दिसते आणि त्याला सगळे जबाबदार धरतात. त्यात कायदाही आहे. बऱ्याच गावांत गवताच्या उंचीची मर्यादा ठरलेली असते, कुठे आठ इंच, कुठे बारा. त्यापुढे गेलं तर पालिकेची नोटीस येते, आणि नोटिशीनंतरही कापलं नाही तर त्यांची माणसं येऊन कापतात आणि बिल घरमालकाच्या नावावर लावतात. आजवर आम्हाला नोटीस आलेली नाही, आणि येणारही नाही.

मग महिन्यातून एकदाच सगळं कापून का टाकत नाही, असं नाना विचारतील. तसं चालत नाही. एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांश भागच कापायचा, त्यापेक्षा जास्त कापला तर मूळ अशक्त होतं, मधे तण शिरतं. आम्ही तीन ते साडेतीन इंच उंची ठेवतो. एप्रिल-मे मध्ये गवत इतकं जोरात वाढतं की हा हिशोब पाळायला आठवड्यातून एकदा, कधी पाच दिवसांनीच उतरावं लागतं. कापलेले तुकडे तिथेच पडू देतो. ते कुजून जमिनीत गेले की गवताला वर्षभरात लागणाऱ्या नत्राचा सुमारे पाव भाग त्यातूनच मिळतो, तेवढं खत वाचतं. आई, म्हणजे अगदीच वाया जात नाही ते.

आणि यात माणुसकीही आहे, ती मला उशिरा दिसली. शेजारच्या आजोबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांचं गवत कुणी कापायचं हे कुणी ठरवलं नाही, बोललंही नाही. ज्याचं मशीन बाहेर निघेल तो आपलं झाल्यावर त्यांचंही कापून पुढे जायचा. मीही कापलं. तेव्हापासून ते मला नावानं हाक मारतात, आणि पिल्लूसाठी त्यांच्या झाडाची सफरचंदं पोर्चमध्ये ठेवून जातात. दर शनिवारी मशीन एका किल्लीत सुरू होणं इथे का महत्त्वाचं आहे, ते यावरून लक्षात येईल.

आता मशीन. मामांच्या ट्रॅक्टरच्याच कंपनीचं आहे, जॉन डिअर, पुण्याजवळ सणसवाडीला त्यांचा कारखाना आहे तीच. इंजिन पेट्रोलचं, दोन सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं. खाली ४२ इंचांचा डेक, म्हणजे पात्यांवरचं झाकण, त्यात दोन पाती. आम्ही ते जुनं घेतलं, आणि स्वस्त मिळालं, कारण आधीच्या मालकानं टाकीत पेट्रोल तसंच ठेवून एक हिवाळा ते शेडमध्ये उभं केलं होतं. कार्बोरेटरमध्ये पिवळा चिकट थर बसला होता, जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकं, बंद. इंजिन फिरायचं पण पेट घ्यायचं नाही. मी कार्बोरेटर उतरवला, बारीक तारेनं आणि क्लीनरनं जेट मोकळे केले, गॅस्केट नवीन घातलं. बाकी इंजिन चांगलं होतं. म्हणून पेट्रोलपासूनच सांगते, कारण ही मशिनं घासून मरत नाहीत तेवढी शिळ्या पेट्रोलनं मरतात.

इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. या इंजिनांना तेवढं चालतं, त्याच्यावर नाही. पंपावर पंधरा टक्क्यांचंही मिळतं, थोडं स्वस्त असतं, पण त्याच्या नोझलपाशीच लिहिलेलं असतं की छोट्या इंजिनांत घालू नका. आपल्याकडे आता वीस टक्क्यांचं आलं, त्यामुळे तुमच्या जुन्या स्कूटरची काळजी मलाच वाटते. इथेनॉल हवेतली ओल खेचून घेतं. पाणी तळाला बसतं, धातू गंजतो, रबर फुगतं. गाडीत पेट्रोल आठवड्यात संपतं म्हणून कळत नाही, मशीनच्या टाकीत ते महिनाभर राहतं आणि महिन्यात शिळं व्हायला लागतं. म्हणून मी एकदम मोठा कॅन भरून आणत नाही. जेवढं तीन-चार आठवड्यांत संपेल तेवढंच आणते, कॅनवर तारीख लिहिते, आणि त्यात पहिल्या दिवशीच पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर टाकते. नंतर टाकून उपयोग नाही, शिळं झालेलं पेट्रोल त्यानं ताजं होत नाही.

लॉगबुक ठेवलं आहे. नाशिकहून येताना मेन रोडवरून घेतलेली दोनशे पानी वही, पट्टीनं रकाने पाडलेले: तारीख, मीटरवरचे तास, काय केलं, करणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. ती दुसरी सही तुमचे जावई करतात. नुसती करत नाहीत, ऑइल सोडायचा ड्रेन प्लग घट्ट आहे का ते हात लावून बघतात, खाली कागद अंथरून ठिबकतंय का बघतात, मग करतात. एकानं केलेलं दुसऱ्यानं बघितल्याशिवाय काम संपलं असं म्हणायचं नाही, हे मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी एकदाही कंटाळा केला नाही.

ऑइल दर पन्नास तासांनी किंवा हंगामातून एकदा, जे आधी येईल ते. आमचे तास कमी भरतात, त्यामुळे हंगामाचंच धरते. टेन डब्ल्यू थर्टी ग्रेडचं, जवळजवळ दोन लिटर, सोबत फिल्टर नवीन. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून कोमट झालं की सोडते, म्हणजे गाळ तळाला न राहता ऑइलबरोबर निघतो. निघालेलं ऑइल पांढऱ्या डब्यात घेऊन उजेडात बघते, चमक आहे का. तुमची सवय. पातळी दर वेळी सुरू करण्याआधी, सपाट जागेवर, इंजिन थंड असताना. कमी नको आणि जास्तही नको. जास्त झालं तर ते श्वासनळीतून एअर फिल्टरवर जातं आणि धूर निघतो. काढलेलं ऑइल गाडीच्या पार्ट्सच्या दुकानात फुकट घेतात, गटारात जात नाही.

फोनवर तुम्ही म्हणालात की इंजिन एवढं का पळवतेस, आवाज फार येतोय. नाना, ते मुद्दाम आहे. यात पाणी नाही, रेडिएटर नाही. इंजिनाच्याच शाफ्टवर पंखा आहे, तोच सिलिंडरच्या पंखांवर, म्हणजे बाहेरच्या पातळ धातूच्या पट्ट्यांवर, हवा मारतो. ॲक्सिलरेटर कमी ठेवला तर पंखा मंद होतो, इंजिन तापतं, आणि पाती हळू फिरल्यानं गवत कापलं न जाता पिचतं. म्हणून कापताना पूर्ण ॲक्सिलरेटर, आणि वेग हवा तेवढा पायाच्या पेडलनं. मात्र बंद करण्याआधी अर्धा-एक मिनिट मंद चालवते. हवा आत घेणाऱ्या जाळीवर गवताचा भुसा बसतो तो दर वेळी ब्रशनं झाडते, आणि वर्षातून एकदा वरचं झाकण उतरवून सिलिंडरच्या पंखांमधला सगळा कचरा काढते. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या इंजिनात तिथे बोटभर थर निघतो.

एअर फिल्टरला दोन भाग: बाहेरचा स्पंज पंचवीस तासांनी साबणाच्या पाण्यात धुऊन, पिळून, पूर्ण वाळवून लावते. आतला कागदाचा धुवायचा नसतो आणि कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही, कागद फाटतो आणि धूळ थेट आत जाते. हलकं आपटायचं, आणि हंगामाला नवीन घालायचा. ऑगस्टमध्ये पाऊस नसला की इथेही धूळ उडते. स्पार्क प्लग दोन, फट तीस थाऊ, म्हणजे इंचाचे तीस हजारांश, वर्षाला बदलते. फट मोजायचं फीलर गेज तुम्ही दिलेलंच आहे.

पात्यांचं मात्र सविस्तर सांगते, कारण आईला तिथेच भीती वाटते. आधी किल्ली काढून खिशात. मग दोन्ही प्लगच्या वायरी काढून बाजूला बांधायच्या. हात लावायचा तो त्यानंतरच. आणि आई, मी मशीनखाली झोपत नाही. डेक चार-पाच पिना आणि बेल्ट काढला की सरकून बाजूला बाहेर येतो. तो उलटा करून दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवायचा आणि उभ्यानं काम करायचं. तू फोनवर पाहिलंस ते ग्रीस होतं, रक्त नव्हे.

पंचवीस तासांनी पाती उतरवते. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि दुसऱ्या दिवशी टोकं तपकिरी दिसायला लागतात, दुरूनच कळतं. धार कानशीनं लावते, ग्राइंडरनं नाही. ग्राइंडर पातं तापवतो आणि पोलादाचं पाणी उतरवतो. मूळचा कोन तसाच ठेवायचा, वस्तऱ्यासारखी धार करायची नाही, ती पहिल्याच दगडावर दुमडते. मग तोल. भिंतीत आडवा खिळा ठोकला आहे, त्यावर पातं मधल्या भोकातून अडकवायचं, जी बाजू खाली जाईल तिथून थोडं आणखी घासायचं. हे न करता लावलं तर स्पिंडलची, म्हणजे पाती फिरवणाऱ्या दांड्याची, बेअरिंगं एका हंगामात वाजायला लागतात. वाकलेलं पातं ठोकून सरळ करायचं नसतं, फेकायचं. बोल्ट टॉर्क रेंचनंच आवळते. अंदाजानं आवळलेला बोल्ट तुम्हाला चालत नाही, मलाही नाही.

डेकच्या आत ओलं गवत चिकटून राहिलं की तिथूनच गंज लागतो. मशीनला पाण्याचा पाइप लावायची एक तोटी दिलेली आहे, ती मी वापरत नाही. पाणी स्पिंडलच्या बेअरिंगवर जातं. वाळल्यावर प्लॅस्टिकच्या उलथन्यानं खरवडते. मुळात ओलं गवत कापायचंच नाही, दव उडेपर्यंत थांबायचं, म्हणजे हे काम निम्मं होतं. ग्रीसगननं स्पिंडल आणि पुढच्या चाकांचे निपल. बेल्टला चिरा किंवा चकाकी दिसली की बदलायचा, त्यावर काही फवारायचं नाही. टायरची हवा पुढे १४, मागे १० पौंड. ती सारखी नसेल तर डेक तिरका बसतो आणि गवतात पायऱ्या दिसतात, म्हणून डेकची पातळी बघण्याआधी हवा बघायची. गिअरबॉक्स सीलबंद आहे, त्यात ऑइल घालायची सोय नाही. म्हणून त्याच्यावरचा छोटा पंखा आणि बाहेरचे पंख स्वच्छ ठेवणं एवढंच आपल्या हातात, आणि तेच बहुतेक लोक विसरतात.

कापायला सुरुवात करण्याआधी सगळ्या जागेवर एक फेरी पायी मारते, नजर खाली ठेवून. दगड, फांदी, पिल्लूचं खेळणं, चेंडू, सगळं उचलायचं. उड्डाणाआधी तुम्ही लोक धावपट्टीवर रांगेनं चालायचात, ते लहानपणी तुमच्या तोंडून ऐकलं होतं, त्यावरूनच. पात्याखालून सुटलेला दगड कुणाच्या खिडकीत किंवा पायात गेलेला मला नको.

आई, तू पिल्लूचा मशीनवर बसलेला फोटो मागितला होतास. तो मी पाठवणार नाही, रागवू नकोस. बंद मशीनवरसुद्धा मी तिला बसवत नाही. एकदा मुलाला वाटलं की ही आपली बसायची जागा आहे, की ते चालू मशीनकडेही पळत येतं, आणि मागे वळताना चालवणाऱ्याला लहान मूल दिसत नाही. या देशात असे अपघात दरवर्षी होतात. म्हणून मी कापत असते तेव्हा ती घरात किंवा बापाबरोबर बाहेर, गॅरेजच्या आसपासही नाही. बाकी मशीनमध्येच बरीच सोय आहे. पाती चालू असताना मी सीटवरून उठले की इंजिन बंद पडतं. मागे जाताना पाती चालू ठेवायची तर वेगळं बटण दाबावं लागतं. मागच्या बाजूला आमच्याकडे उतार आहे, तिथे मी आडवी चालवत नाही, सरळ वरखाली चालवते, आणि जिथे चढ पंधरा अंशांच्या वर आहे तिथे मशीन नेतच नाही. तो कोपरा हातानं ढकलायच्या छोट्या मशीननं होतो.

आता पुढच्या महिन्याचं. मेपलची पानं गळायला लागली आहेत, ती मशीननंच बारीक करून गवतात सोडते. नोव्हेंबरच्या मध्याला शेवटची कापणी, थोडी खाली, अडीच इंचांवर, म्हणजे बर्फाखाली बुरशी धरत नाही. त्यानंतर मशीन हिवाळ्यासाठी बांधायचं. ऑइल तेव्हाच बदलायचं, वसंतात नाही, कारण वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसून राहतं. टाकी बिनइथेनॉलच्या पेट्रोलनं काठोकाठ भरायची, स्टॅबिलायझर टाकून दहा मिनिटं इंजिन चालवायचं, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचतं. बॅटरी काढून घरात, ठोकळ्यावर, बारीक चार्जरवर. निफाडला पारा चार-पाचवर गेला की आपल्याकडे बातमी होते. इथे तो शून्याच्या खाली वीसपर्यंत जातो. भरलेली बॅटरी ते सोसते, उतरलेली गोठून फुटते. आणि उंदीर. इंजिनाच्या झाकणाखाली उंदीर घरटं करतात आणि वायरी कुरतडतात, म्हणून एप्रिलमध्ये किल्ली फिरवण्याआधी झाकण उघडून बघायचं. एवढं केलं की हे मशीन आणखी दहा वर्षं चालेल असं मला वाटतं. तुम्ही वाचून काही राहिलंय का ते कळवा. खरंच कळवा.

तुमच्या काळजीची बाकी उत्तरं. नोकरीच्या एच-१बी व्हिसाला एक लाख डॉलर फी लागणार ही बातमी बघून तुम्ही दोघं रात्रभर जागलात हे कळलं. तो नियम २१ सप्टेंबरनंतरच्या नव्या अर्जांना आहे. आमच्या दोघांचे व्हिसा आधीचे आहेत, पासपोर्टवरचे शिक्केही चालू आहेत. ऑफिसच्या वकिलाला विचारून घेतलं, येण्याजाण्याला अडचण नाही. दुसरं, पैसे पाठवण्यावरचा एक टक्का कर. तो १ जानेवारीपासून आहे आणि रोख भरून पाठवणाऱ्यांना आहे. मी बँकेच्या खात्यातून पाठवते, त्याला तो लागत नाही. टीव्हीवर अर्धंच सांगतात.

दिवाळीला यायला जमत नाही. लग्नासाठी सुट्टी साठवली आहे, दोन्ही होत नव्हतं. आई, तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही मी नव्हते आणि तू प्रत्येक फोनवर "काही झालं नाही गं, दहा मिनिटांचं काम" म्हणत राहिलीस. भैया म्हणाला, पट्टी काढली तेव्हा तू आधी माझा फोटो कुठे आहे ते विचारलंस. मला ते कळायला नको होतं की कळायला हवं होतं, माझं मलाच समजत नाही. ड्रॉप्स वेळेवर घाल. आता डोळा बरा असला तरी चुलीजवळ, धुराजवळ बसू नकोस.

लग्नाला मात्र आम्ही तिघंही येतो. थँक्सगिव्हिंगची सुट्टी जोडून तिकिटं काढली, मुंबईपर्यंत. तिथून गाडी करू, कसारा घाटात रात्र होणार नाही अशी वेळ बघितली आहे. कुंभाच्या कामांनी रस्ते खोदलेत म्हणता, तर भैयानं घ्यायला येऊ नये, आम्ही येऊ. मशीन तोपर्यंत बांधून ठेवलेलं असेल, इथलं काही अडत नाही. मामांची छाटणी पावसानं लांबली, त्यांना लग्नाच्या खर्चात ओढू नका. नव्या सुनेच्या घरच्यांनी लग्न गंगापूर रोडच्या लॉन्सवरच हवं म्हटलं आहे तर तसंच होऊ द्या, त्यावरून ताणू नका. मुलगी चांगली आहे, माझ्याशी फोनवर मोकळेपणानं बोलली. हळद मात्र घरीच, अंगणात करायची, एवढा माझा हट्ट ठेवा.

नाना, तुम्ही पैसे नको म्हणता. तुमची पेन्शन किती येते ते मला माहीत आहे, आणि फंडातलं तुम्ही माझ्या शिक्षणाला आणि इथल्या पहिल्या वर्षाला काढलं होतं हेही. इथे माणूस लावून गवत कापून घ्यायचं तर एका वेळचे पन्नास-साठ डॉलर घेतात, आणि नवं मशीन फार महाग पडतं. ते आम्ही वाचवतो. मी हात काळे करते ते कशासाठी, हे आईला एवढ्यावरून कळेल. हे ओझं म्हणून लिहीत नाही. मी तिथे नसते तेव्हा दवाखान्यात, बाजारात, बँकेत तुम्ही दोघं एकटे जाता, त्याची भरपाई पैशानं होत नाही हे मला कळतं. तरी घ्या.

भैयाच्या खात्यात नाही, तुमच्या खात्यात तीन लाख गुरुवारपर्यंत जमा होतील. त्यातले एक लॉन्सचा ॲडव्हान्स, बाकी दागिन्यांचं बघा. आईचं मंगळसूत्र मोडायचं चाललंय असं मला आत्याकडून कळलं. ते मोडायचं नाही. मी आल्यावर गळ्यात तेच दिसलं पाहिजे.

तुमचे जावई आणि पिल्लू नमस्कार सांगतात. कळावे, लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची,
ताई

ता. क. – नाना, तुमच्या जुन्या ग्रीसगनचं नोझल झिजलंय म्हणालात ना. इथे चांगलं कुलूपवालं मिळतं, निपलवरून सुटत नाही. येताना दोन आणते, एक मामांना. भैयाला सांगा शेरवानीचं माप या आठवड्यात पाठव म्हणून, आणि आईनं पिल्लूच्या परकर-पोलक्यासाठी कापड घेताना एक साइज मोठी धरावी, ती उंच झाली आहे.